वसवा

"जावईबापू, ही रेघ कशाची ओढलीय?"

सकाळचे साडेसहा वाजले होते. अण्णा चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात उभे होते आणि त्यांच्या पायाशी, पालापाचोळ्यावर, नारिंगी स्प्रेनं काढलेला एक भलामोठा काजू होता. नवऱ्यानं तो आदल्या संध्याकाळी काढला होता, टेप लावून, गुडघ्यावर बसून. पाचशे चौरस फुटांचा काजू.

"पटिंग ग्रीन करायचंय, अण्णा. गोल्फचं."

"आणि हे झाड?"

"झाड राहणार. त्याच्या कडेनंच वळवलंय."

"गवत कुठलं लावणार?"

"लावायचं नाही, अंथरायचं. आर्टिफिशियल. टर्फ."

हा शब्द अण्णांना ठाऊक होता. "टर्फ आमच्या सांगलीत पण झालेत की. तासावर भाड्यानं देतात. लाइटी लावून पोरं रात्री उशिरापर्यंत क्रिकेट खेळत असतात. रस्त्याकडेच्या रानातला ऊस मोडून टर्फ घातलेली माणसं आहेत माझ्या ओळखीची." मग जरा थांबून, "तुम्ही इथं धंदा टाकणार?"

"नाही हो, घरच्यापुरतं."

"घरच्यापुरतं," अण्णा म्हणाले. फाइलमध्ये एखादा कागद कमी सापडला की ते ज्या सुरात 'बरं' म्हणायचे, तोच सूर.

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात, राली शहराला लागून. माती लाल चिकण. ओली असताना बुटाला चिकटते, वाळली की विटेसारखी. मागचं अंगण उत्तरेला, म्हणजे अर्धा दिवस घराची सावली आणि उरलेला दिवस एका जुन्या व्हाइट ओकची आणि दोन उंच पाइनची. अण्णा एप्रिलमध्ये आले तेव्हा पाइनचे पराग इतके पडत होते की गाडी, पायऱ्या, बाकडं, सगळं पिवळं. पहिल्याच सकाळी ते म्हणाले, "जेजुरीला आल्यासारखं वाटतंय." तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची खुर्ची ओकखाली. ते तीस वर्षं कृषी खात्यात होते. निवृत्त माणसाला बघायला काहीतरी लागतं, आणि त्यांना हे झाड सापडलं होतं.

नवऱ्याची गोष्ट वेगळी. तो पुण्याचा, दोन खोल्यांच्या घरात वाढलेला. येरवड्याच्या पूना क्लबच्या गोल्फ मैदानाच्या भिंतीवरून आत डोकावणं, एवढाच त्याचा लहानपणीचा गोल्फ. इथं आल्यावर ऑफिसातल्या कुणीतरी हातात काठी दिली आणि तो गेला कामातून. (गोल्फ खेळणारे तिला काठी म्हणत नाहीत. मी म्हणते.)

त्या दिवशी जेवताना विषय पुन्हा निघाला.

"मला एक सांगा," अण्णा म्हणाले, "खेळायला मैदानं आहेत की इथं. प्रत्येक वळणावर एक. मग घरी कशाला?"

"मैदानावर जाऊन खेळायला चार तास जातात. आणि खरा खेळ फटक्यांचा नाही, अण्णा, पटिंगचा आहे. बहात्तर फटक्यांचं मैदान असेल तर त्यातले छत्तीस ग्रीनवरचे धरलेले असतात. निम्मे! तुम्ही लांबून चेंडू आभाळात मारला त्याचा एक फटका, आणि इथून तिथं टिचकी मारली तिचाही एकच."

"टिचकीला सराव लागतो?"

"२०२४ ची यूएस ओपन इथं पाइनहर्स्टला झाली. आपल्यापासून सव्वा तासावर. रॉरी मॅकिलरॉय, जगातला पहिल्या फळीतला माणूस, सोळाव्या होलला अडीच फुटांवरून चुकला. अठराव्याला चार फुटांच्या आतून चुकला. ब्रायसन डिशॅम्बो एका फटक्यानं जिंकला."

अण्णांनी हातानं हवेत अडीच फूट दाखवले. भाकरीच्या ताटापासून आमटीच्या पातेल्यापर्यंत. "एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून."

"आणि भोक केवढं?"

"सव्वाचार इंच."

अण्णा खूश झाले. गोट्यांचा खळगा त्याहून लहान असायचा, असं म्हणाले. पण मूळ मुद्दा त्यांनी सोडला नव्हता. "बरं, सराव पाहिजे, कबूल. मग खरं गवत लावा. मी आहे सहा महिने. उगवून देतो."

आता माझ्या नवऱ्याचा चेहरा पडला, कारण हे त्यानं केलं होतं. तीनदा. फेस्क्यू नावाचं गवत, सावलीत त्यातल्या त्यात टिकतं म्हणून विकतात ते, दर सप्टेंबरला पेरलं. थंडीभर हिरवं, मेपर्यंत विरळ आणि जुलैत तांबडी माती. "आणि पटिंगला फेस्क्यू चालत नाही, अण्णा. पाइनहर्स्टच्या नंबर टू मैदानाच्या ग्रीनवर बर्म्युडा आहे. पूर्वी बेंटग्रास होतं, २०१४ नंतर ते काढून बर्म्युडा लावलं. इथल्या उकाड्यात तेच टिकतं. तीन मिलिमीटरवर कापतात. पण त्याला सहा-आठ तास ऊन पाहिजे, आणि आपल्याकडे दोन तास येत नाही."

"बर्म्युडा म्हणजे कसं असतं दिसायला?"

नवऱ्यानं फोनवर फोटो दाखवला. अण्णांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ आणला. मग ते हसायला लागले आणि बराच वेळ हसत राहिले.

"अहो, ही हरळी!"

हरळीच होती. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्रीनवरचं गवत तिचाच आफ्रिकेतल्या भावंडाशी केलेला संकर. ज्या माणसानं तीस वर्षं बांधाबांधावर उभं राहून शेतकऱ्यांना 'हरळी, लव्हाळा आणि कुंदा, तिघांना ठेवाल तर घर बुडेल' असं बजावलं, उन्हाळ्यात खोल नांगरून काशा वेचायला लावल्या, त्याला पहिल्यांदा कळत होतं की पृथ्वीच्या या बाजूला माणसं हरळीला खतपाणी घालतात, रोज तिची हजामत करतात, आणि ती येत नाही म्हणून रडतात.

"सावलीत हरळी येत नाही, हे बरोबर," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "वसवा पडतो."

वसवा हा शब्द शहरी वाचकाला कदाचित नवा असेल. बांधावर झाड असलं की त्याच्या सावलीच्या पट्ट्यातलं पीक खुरटतं; ऊन झाड खातं, पाणी मुळं ओढतात. त्या खुरटण्याला, त्या दाबाला वसवा म्हणतात. बांधावरच्या झाडाच्या वसव्यावरून आमच्या भागात भाऊबंदकीच्या भानगडी झालेल्या आहेत. अण्णांनी स्वतः आमच्या बांधावरची बाभळ दर दोन वर्षांनी पार खोडापर्यंत छाटलेली मी पाहिली आहे.

म्हणून मला गंमत वाटली. ज्याचा जन्म वसव्याशी भांडण्यात गेला तो माणूस सावलीची वकिली करत होता, आणि ज्यानं हे घर केवळ मागच्या झाडांवर भाळून घेतलं, त्याला आता तीच सावली आड येत होती. मी दोघांना तसं म्हटलं. दोघांनीही ऐकलं नाही.

प्लास्टिकच्या गवताची कीर्तीही सावलीमुळेच झाली, हे मला नंतर वाचताना कळलं. ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम १९६५ मध्ये उघडलं. बेसबॉलचं छत असलेलं मैदान. छपराला पारदर्शक तक्ते, खाली खरी हरळी. पण उन्हाच्या तिरीपीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तक्त्यांना रंग मारला. मग चेंडू दिसायला लागला आणि गवत मेलं. उरलेला हंगाम त्यांनी त्या मेलेल्या गवताला हिरवा रंग मारून काढला, आणि १९६६ मध्ये मोन्सँटो कंपनीचं नायलॉनचं गवत अंथरलं. ते आधी केमग्रास या नावानं रोड आयलंडच्या एका शाळेत १९६४ मध्ये घातलेलं होतं. ह्यूस्टननंतर त्याचं अ‍ॅस्ट्रोटर्फ झालं. आपणच सावली पाडायची, त्यात गवत मारायचं आणि मग ते विकत आणायचं. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "छपराचा वसवा."

खरं भांडण मेमध्ये झालं. भांडण म्हणजे सासरे-जावयाचं भांडण: दोघंही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत, मध्ये माझ्याकडे बघत. कंत्राटदार येऊन गेला होता. चौरस फुटाला बावीस डॉलर, म्हणजे अकरा हजार. शिवाय ओकची खालची मोठी फांदी काढली तर बरं, म्हणाला. पानं कमी पडतील.

"नऊ लाखांच्या वर गेले," अण्णांनी हिशेब केला. "नऊ लाखांचं प्लास्टिक."

"पंधरा वर्षं टिकतं, अण्णा. मशीन नाही, खत नाही, पाणी नाही. औषध मारायला नको. आणि उन्हात टर्फ तापतं म्हणून लोक ओरडतात, ते खरं आहे. युटाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं २००२ मध्ये मोजलं तेव्हा ते डांबरापेक्षाही तापलेलं निघालं. पण आपल्याकडे सावली आहे! उन्हानं प्लास्टिक झिजतं, सावलीत कमी झिजणार. ही जागा टर्फसाठीच आहे."

"आणि पंधरा वर्षांनी?"

"पंधरा वर्षांनी काय?"

"गुंडाळी करून कुठं टाकणार? पातं एका प्लास्टिकचं, पाठ दुसऱ्याची, मध्ये वाळू. भंगारवाला तरी घेईल का?"

नवरा गप्प. मग म्हणाला, "युरोपनं २०२३ मध्ये बंदी आणली ती रबराच्या दाण्यांवर, तीसुद्धा आठ वर्षांची मुदत देऊन. आपल्याकडे रबर नाही, सिलिका वाळू."

"मी युरोपचं विचारलं नाही."

"अण्णा, एक बोलू? शेततळ्यात प्लास्टिकचा कागद कोणी घालायला लावला? मल्चिंग पेपर? ठिबकच्या नळ्या? सगळी शिवारं प्लास्टिकनं भरली ती कुणाच्या सह्यांनी?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. असं बोलायचं नसतं. पण अण्णा रागावले नाहीत.

"माझ्या सह्यांनी. कागदाखाली पाणी राहिलं म्हणून द्राक्षं जगली. कागदाचे तुकडे अजून रानात निघतात, तेही मीच बघतो. म्हणून विचारतोय, कुठं टाकणार." मग जरा वेळानं, "ते पाण्यासाठी होतं. हे कशासाठी आहे, ते मला अजून कळलं नाही. झाड आहे. झाडाखाली सावली आहे. कमी काय पडतंय?"

"झाडाखाली मी काय करू?"

"बसायचं."

"बसून काय करायचं?"

या प्रश्नाला अण्णांकडे उत्तर नव्हतं. म्हणजे हा प्रश्न आहे हेच त्यांना पटलं नव्हतं. आणि मला त्या क्षणी नवऱ्याचीही दया आली. त्याचा दिवस सकाळी आठला सुरू होतो आणि भारतातल्या टीमबरोबरचा कॉल रात्री साडेनऊला सुरू होतो. तो संपला की त्याचं डोकं तापलेलं असतं. बसायला सांगितलं तर तो फोन काढतो. त्याला काहीतरी लहान, हातानं करायचं, जमल्याचं लगेच कळणारं पाहिजे असतं. बॉल कपात पडल्याचा जो पोकळ आवाज येतो ना, त्यासाठी तो अकरा हजार डॉलर द्यायला निघाला होता. हे तो अण्णांना कधी सांगू शकला नसता. मलाही त्यानं सांगितलेलं नाही.

त्याच रात्री, वीज गेल्यासारखा काळोख असताना, अण्णांनी आम्हाला बाहेर बोलावलं. ओकखाली काजवे होते. शंभर असतील, दोनशे असतील. पालापाचोळ्यातून वर उठत होते. "यांची अळी मातीत आणि कुजक्या पानांत वाढते," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "भंडारदऱ्याला लोक गाड्या घेऊन बघायला जातात." नारिंगी काजूच्या आतही काजवे होते. नवरा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं कंत्राटदाराला थांबायला सांगितलं.

पुढचं त्यानंच शोधलं, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. झाडाच्या खोडाचा जेवढे इंच व्यास, तेवढे फूट चहूबाजूंनी मुळांसाठी सोडावेत, असा इथल्या वृक्षतज्ज्ञांचा ढोबळ नियम. आम्ही खोडाला टेप गुंडाळला. घेर अठ्ठ्याऐंशी इंच, म्हणजे व्यास अठ्ठावीस. अठ्ठावीस फुटांची त्रिज्या घेऊन दोरी फिरवली तर काजूचा तीन चतुर्थांश भाग आत गेला.

"पण मुळं खोल असतील ना?" मी विचारलं.

अण्णांनी कुदळ घेतली आणि काजूच्या मधोमध हलक्या हातानं वीतभर उकरलं. बोटाएवढ्या, दोऱ्याएवढ्या मुळांची जाळी. "खाणारी मुळं वरच असतात. सोटमूळ हे शाळेतलं. यावर तुम्ही चार इंच खोदून, खडी घालून, मशीननं ठोकणार. झाड लगेच मरत नाही हो, जावईबापू. चार-पाच वर्षं दम धरतं. मग शेंडा वाळायला लागतो आणि लोक म्हणतात कीड लागली."

"म्हणजे नाहीच करायचं?"

"असं कुठं म्हणालो मी?"

मधल्या एका शनिवारी आम्ही पाइनहर्स्टला गेलो. अण्णांना बघायचं होतं, हरळीची एवढी बडदास्त नेमकी कशी ठेवतात. अठराव्या ग्रीनच्या मागे पेन स्टुअर्टचा पुतळा आहे: एक पाय मागे उचललेला, मूठ पुढे. १९९९ मध्ये त्यानं तिथं पंधरा फुटांवरून शेवटचा पट टाकून यूएस ओपन जिंकली आणि चारच महिन्यांनी विमान अपघातात गेला. अण्णा पुतळ्यापाशी बराच वेळ उभे होते. ग्रीनपाशी मात्र ते पालथे झाले, अगदी खरोखर, गुडघे टेकून, आणि दोरीच्या अलीकडून पातं बोटांनी चाचपलं. "गालिचा," एवढंच म्हणाले.

तिथल्या भिंतीवरचे जुने फोटो बघताना नवऱ्यानं सहज सांगितलं की नंबर टूच्या ग्रीनवर सुरुवातीला गवत नव्हतंच. मैदान १९०७ चं, डॉनल्ड रॉसनं आखलेलं. पण ग्रीन मात्र १९३५ च्या सुमारापर्यंत वाळूचे, सपाट.

अण्णा गर्रकन वळले. "वाळूचे?"

"हो. भारतातसुद्धा पूर्वी पुष्कळ ठिकाणी तसेच होते. त्यांना ग्रीन नव्हे, ब्राउन म्हणायचे."

"मग तसं करा की! प्लास्टिक कशाला? मुरूम घालू, पाणी मारू, चोपू, वर बारीक वाळू. खळं करतो मी तुम्हाला. आमच्या आजोबांच्या खळ्यावर ज्वारीचा दाणा टाकला तर ह्या टोकापासून त्या टोकाला जायचा."

परतीचा सव्वा तास हाच विषय. नवऱ्याची अडचण खरी होती: वाळूचं ग्रीन प्रत्येक पटनंतर ओढून सारखं करावं लागतं, इथं वळवासारखा पाऊस कधीही येतो, आणि चिकणमातीवर वाळू म्हणजे चार दिवस चिखल. अण्णांचं म्हणणं, उतार नीट ठेवला की पाणी थांबत नाही. नवरा म्हणाला, रोज रात्री दहाला मी दंताळं ओढणार नाही. यावर अण्णा म्हणाले, "मग बसा झाडाखाली," आणि दोघंही हसले. तिथं ती कल्पना संपली. मला अजून वाटतं की तीच सगळ्यांत चांगली होती. तासाभरात एक माणूस आपल्या आजोबांच्या खळ्यापासून डॉनल्ड रॉसपर्यंत गेला होता आणि ती वाट बरोबर होती. पण अंगण नवऱ्याचं होतं, आणि दंताळंही त्यालाच ओढायचं होतं.

शेवटी ग्रीन झालं ते कुंपणाच्या कोपऱ्यात, अठ्ठावीस फुटांच्या दोरीबाहेर. बारा बाय अठरा. ओकची फांदी जागच्या जागी राहिली. कंत्राटदाराला बोलावलंच नाही. जूनच्या दोन आठवड्यांत सासऱ्या-जावयानं केलं, आणि मी बाईमाणूस म्हणून फक्त घमेली वाहिली.

कामात शिरल्यावर अण्णा बदलले. प्लास्टिकला असलेला विरोध त्यांनी मागे घेतला नाही, पण काम वाईट झालेलं त्यांना सहन होईना. चार इंच माती काढली. खाली कापड घातलं, माती आणि खडी एकमेकींत मिसळू नये म्हणून. मग खडी, दोन-दोन इंचांच्या थरानं. एकदम चार इंच टाकून ठोकलं की वरचं बसतं आणि खालचं पोकळ राहतं, हे अण्णांना कुणी सांगावं लागलं नाही. भाड्यानं आणलेलं ठोकायचं मशीन बघून त्यांनी विचारलं, "हे म्हणजे इंजिनाचं धुम्मस ना?" वर क्रशरची कच. पाणी मारलं, ठोकलं, पुन्हा मारलं. नवरा पाणसळ लावून बघायचा, अण्णा जमिनीला कान लावल्यासारखे आडवे होऊन डोळ्यानं बघायचे, आणि बहुतेक वेळा अण्णांचं बरोबर निघायचं.

"उतार किती ठेवू?" नवऱ्यानं विचारलं.

"पाणी जाईल एवढा."

"दोन टक्के?"

"तुमच्या टक्क्यात मला कळत नाही. दहा फुटांना तीन बोटं." हिशेब केला तर जवळपास दोन टक्केच आले.

सावलीतल्या ग्रीनची खरी डोकेदुखी ओल असते. ऊन नाही म्हणजे दव दुपारपर्यंत वाळत नाही, आणि दव वाळलं नाही की शेवाळ. म्हणून कडेनं चर काढून त्यात भोकाचा पाइप आणि खडी. टर्फची गुंडाळी आधी दिवसभर पुढच्या अंगणात उन्हात पसरून ठेवली, सुरकुत्या जाव्यात म्हणून. शेजारच्या बाईंनी थांबून चौकशी केली. कप बसवले तीन. टर्फवर वाळू पसरायची ती कोरडी पाहिजे, आणि पातीही कोरडी. सावलीत दोन्ही एकाच वेळी कोरडं मिळणं म्हणजे मुहूर्त. चार दिवस वाट बघितली. मग थोडी वाळू, ब्रश, थोडी वाळू, ब्रश. त्यावरून रोलर.

ग्रीन किती वेगवान आहे ते मोजायला स्टिम्पमीटर असतो. १९३५ च्या यूएस ओपनला ओकमाँटच्या ग्रीनवरून बॉल सुसाट खाली गेलेला पाहून एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या गृहस्थानं बनवलेला. खाच असलेली एक पट्टी. ती तिरपी धरायची, वरून बॉल सोडायचा, तो किती फूट गेला ते मोजायचं. आमचा नऊ फूट गेला. नवऱ्याला दहा पाहिजे होते. अण्णा म्हणाले, "दाणा टाकून बघायचा का?" आणि स्वयंपाकघरातून चार हरभरे आणले. एक हरभरा कपात पडला. जावयाआधी सासऱ्यांचा.

पाइनहर्स्टला एका धनिकानं शंभरेक वर्षांपूर्वी आपल्या घरी छोटं गोल्फ बांधून घेतलं होतं. काम झाल्यावर ते बघून तो 'हे चालेल' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हणाला आणि त्याच शब्दांवरून त्या जागेचं नाव थिसल डू पडलं, अशी कथा सांगतात. आमच्याकडे कुणी काही म्हटलं नाही. अण्णांनी हात धुतले आणि आपली खुर्ची ओकखाली नेली.

रात्रीचं चित्र पुढे असं असायचं: कॉल संपवून नवरा बाहेर यायचा, कोपऱ्यातला दिवा लावायचा. टक, आणि मग थोड्या वेळानं तो पोकळ आवाज, किंवा नुसती शांतता. अण्णा अंधारात बसलेले. दिव्यानं काजवे लाजतात, असं त्यांनी एकदा सांगितलं, तेव्हापासून नवऱ्यानं पिवळा, मंद बल्ब लावला. दोघं फारसं बोलायचे नाहीत. एकदा मी ऐकलं:

"डावीकडं गेला."

"दिसला तुम्हाला अंधारात?"

"आवाजावरून."

गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. दूर्वा हा आमच्याकडचा दरवर्षीचा प्रश्न. इंडियन स्टोअरमध्ये मिळतात त्या सुकलेल्या. मैदानावरच्या आणाव्यात तर तिथं औषध मारलेलं, आणि इतकी बारीक कापलेली हरळी की तिला तीन पात्यांचा शेंडा येतच नाही. अण्णा पहाटेच उठून अंगणात गेले होते. मी खिडकीतून पाहिलं तर ते ग्रीनच्या कडेला उकिडवे बसले होते.

कोपऱ्यात कुंपणालगत दिवसाचे दोन-तीन तास ऊन येतं. पलीकडे शेजाऱ्यांची उन्हातली बर्म्युडाची हिरवळ. तिथून एक धुमारा कुंपणाखालून आला होता, खडीत शिरला होता आणि टर्फच्या कडेला, जिथं खिळे मारले होते त्या फटीतून, वर निघाला होता. प्लास्टिकच्या पात्याशेजारी खरं पातं. रंग जवळपास तोच.

अण्णांचा हात पुढे गेला. मला तो हात माहीत आहे. बोटं मातीत खुपसून, काशीसकट, पिळा देऊन उपटणारा. तो हात तिथंच थांबला, मग नखानं एक एक शेंडा खुडायला लागला.

नवरा मागून आला. "अण्णा, ही वाढली तर सगळं टर्फ उचलेल ना?"

"उचलेल."

"मग काढू या मुळापासून."

"दीड दिवसानं," अण्णा म्हणाले. "पत्री घेऊन या. आणि शेजारच्या बाईंना विचारा, कुंपणापलीकडच्या चालतील का. इथं तेराच निघाल्या."